डावा डोळा मिटून

४ जानेवारी

प्रिय मामा,

तू फोन उचलत नाहीस. चुकून उचललास तर "बरं आहे, ठेव" म्हणतोस आणि पुढचं सगळं मामीकडून कळतं. म्हणून हे पत्र. पत्राला "ठेव" म्हणता येत नाही, हाताने उत्तरच लिहावं लागतं.

काम आहे तुझ्याशी. एका बस कंपनीची वेबसाइट मी करतेय. गाड्यांचं वेळापत्रक, त्यातून गाडी निवडायची आणि "जागा राखा" असं बटण दाबायचं. इतकं सोपं. आम्ही दहा प्रवाशांना ऑफिसात बोलावून, चहा पाजून कॉम्प्युटरसमोर बसवलं. सात जणांना बटण सापडलंच नाही! बटण केशरी आहे, चांगलं तळहाताएवढं आहे, उजव्या बाजूला चौकटीत ठेवलंय. एका आजोबांनी सगळं वेळापत्रक बोट फिरवून वाचलं, बोट बटणापासून चार बोटांवर, गाडीच्या वेळेवर थांबलं आणि त्यांनी मला विचारलं, "पुढे कसं जायचं, बाई?" साहेब म्हणतात आणखी मोठं कर. बस कंपनीवाले म्हणतात लाल कर. मी हात टेकले.

मग तू आठवलास. चाळीस वर्षं तू फरश्या बसवल्यास. लोक दारातून आत येतात आणि न विचारता काउंटरपर्यंत जातात, ते तुझ्या फरशीमुळे, हे मी सुट्टीत तुझ्याबरोबर हिंडताना पाहिलंय. उतार कळावा म्हणून तू माझ्या हातात गोटी द्यायचास आणि ती घरंगळली की मी ओरडायचे, त्यावरून तर माझं नाव पडलं. तर सांग, लोकांची नजर कशी वळवायची? तुला दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर पान उघडेल. पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलाय. बघून स्पष्ट सांग. तुझा डोळा चुकत नाही.

तुझी गोटी

११ जानेवारी

प्रिय गोटीस अनेक आशीर्वाद.

पान पाहिलं. तुझ्या मामीने उघडून दिलं आणि वर ऐकवलं की एवढंही येत नाही. असो.

एका बँकेत हॉलच्या मधेच एक पायरी होती. लोक अडखळतील म्हणून मॅनेजर म्हणाला, झकास रंगीत पट्टी घाल. घातली. लाल, पिवळी, वर वेलबुट्टी. आठवड्यात चार जण तोंडावर पडले. मॅनेजर माझ्यावर उखडला. मी म्हटलं थांबा, आणि एक दिवसभर स्टुलावर बसून नुसते लोकांचे पाय बघितले. पट्टीकडे एकही माणूस बघत नव्हता. ती इतकी नटवलेली होती की सगळ्यांना ती शोभेची वाटली, आणि कामाला आलेला माणूस शोभा बघत बसत नाही. मग ती उखडली आणि त्याच दगडाची, एकच छटा गडद अशी साधी पट्टी बरोबर पायरीच्या कडेला बसवली. त्यानंतर कुणी पडलं नाही.

तुझं केशरी बटण तसंच आहे. लोकांना ती जाहिरात वाटते. नटवणं काढ आणि पाय आधीच जिथे आहे तिथे ठेव. आजोबांचं बोट कुठे थांबलं? गाडी सुटण्याच्या वेळेवर. मग बटण वेळेच्या शेजारी पाहिजे, लांब उजवीकडे कशाला?

दुसरी गोष्ट. दहाच्या गाडीखालची तुझी आडवी रेघ मधोमध खाली पोट सोडतेय. आमच्या पद्धतीने पाहिली, हनुवटी खाली घेऊन, डावा डोळा मिटून. दोनदा पाहिली. नीट करून घे.

मार्चपासून वाचनालयातल्या मुलांच्या खोलीची फरशी बसवायला घेतोय. ही शेवटची. मग गुडघ्यांना पेन्शन. मुलं जमिनीवर पालथी पडून वाचणार, म्हणजे फरशीला नाक लावणार. तिथे केसाएवढा सांधा चुकून चालायचा नाही.

तुझा मामा

१९ जानेवारी

प्रिय मामा,

दहापैकी नऊ! बटण साधं केलं, वेळेशेजारी आणलं, आणि नऊ जणांनी विचारल्याशिवाय दाबलं. दहावे चष्मा घरी विसरले होते. साहेबांनी विचारलं, कुठल्या पुस्तकात वाचलंस? म्हटलं, मामाच्या बँकेत.

आता तुझी रेघ. ती पाहून मला आधी घाम फुटला, मग लक्षात आलं. मी एक घर गडद, एक फिकं असं केलं होतं, आणि खालच्या ओळीतली घरं अर्धं घर सरकलेली होती. अशा वेळी सरळ रेघसुद्धा तिरकी दिसते. रेघेत दोष नसतो, आपली नजरच शेजारच्या रंगाने फसते. आम्हाला हे शिकवलेलं आहे. परीक्षेत आलं होतं आणि मी बरोबर लिहिलं होतं, पण स्वतःच्या पानावर दिसलं नाही. तू न शिकता पकडलंस. सगळे गडद रंग काढून टाकलेत. आता बघ.

मामीला सांग, वाचनालयाची फरशी बघायला मी सुट्टी काढून येणार आहे.

गोटी

२७ जानेवारी

गोटी,

रंग गेले, पोट तसंच आहे. आता तर त्याच्या खालच्या रेघेलाही आलंय.

ती रंगाची गंमत मला सांगू नकोस. काळ्यापांढऱ्या फरशीच्या न्हाणीघरात सगळी ओळ कलल्यासारखी दिसते, ते मी मिसरूड फुटायच्या आधीपासून जाणतो. ते कलणं वेगळं. हे मधेच, एका जागी, खालचा माल बसल्यावर फरशी दबते तसं दिसतंय. कडेला सरळ, मधे खड्डा.

मामी म्हणते, पोरीला कशाला छळतोस, गाडी वेळेवर आली म्हणजे झालं. पण ज्याला दिसतं त्याने सांगायला नको का? तुझं नाव त्या कामावर आहे. पुन्हा मोज.

मामा

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

मोजलं. पडद्यावर पोलादी पट्टी लावून मोजलं, ठिपके मोजले (पडद्यावरची रेघ म्हणजे ठिपक्यांची रांगच असते), मोठं करून बघितलं, छापून टेबलाच्या कडेला लावून बघितलं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दाखवलं. त्याने आधी रेघ बघितली आणि मग माझ्याकडे जरा काळजीने बघितलं. म्हणाला, "सरळ आहे."

पण मला शाळेचा तो मोठा हॉल आठवतो. मी नऊ वर्षांची होते, खालचा थर झाला होता आणि फरशी अजून बसायची होती. इंजिनिअरसाहेबांचं यंत्र सांगत होतं पातळी बरोबर आहे, आणि तू कडेला उभा राहून मान हलवत होतास, "नाही साहेब, खिडकीकडे उतार आहे." सगळे हसले. मग तू मला गोटी टाकायला सांगितलीस आणि ती सरळ खिडकीखाली जाऊन थांबली. त्या दिवशी मी कायमचं ठरवून टाकलं की यंत्र आणि मामा यांच्यात भांडण झालं तर यंत्र चुकलेलं असतं.

म्हणून मी काय केलं ऐक. त्या रेघेला मधोमध दोन ठिपके वर उचललं. सहकारी म्हणाला, "आता ही खरंच वाकडी झाली." म्हटलं, तुला तसं दिसत असेल. सोमवारपासून पान सगळ्यांसाठी सुरू आहे. आता पोट गेलं का, तेवढं कळव.

गोटी

९ फेब्रुवारी

चि. गोटी,

रेघ आता ठीक आहे. तू फार खटपट केलीस.

वाचनालयाचं काम सोडलं. गुडघे ऐकत नाहीत. दुसरा कुणी चांगला माणूस बघा म्हणून सांगून आलो. सुट्टी फुकट घालवू नकोस. उत्तराची घाई नाही.

मामा

१० फेब्रुवारी

गोटी, मामीचा आशीर्वाद.

मी कधी तुला पत्र लिहीत नाही, मामाच्याच पत्राच्या कोपऱ्यात दोन ओळी खरडते. आज त्याला न सांगता लिहितेय, कारण घरातून फोन केला तर तो ऐकेल.

रेघ ठीक आहे असं त्याने तुला लिहिलं ते खोटं आहे. त्याला ती अजून वाकडीच दिसते. तू उचललीस तरी दिसते. ज्या दिवशी तुझं पत्र आलं त्याच दिवशी तो पिशवी घेऊन शाळेच्या हॉलवर गेला. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची ती फरशी. पाहुणा आला की आधी तो हॉल दाखवायला नेतो, मग जेवायला वाढायचं, हे तुला माहीत आहे. तिथे त्याने सांध्यावर दोरी ताणली, हनुवटी टेकवून बघितलं आणि तसाच बसून राहिला. शिपायाने पाणी आणून दिलं. घरी येऊन मला म्हणाला, "सगळं वाकडं आहे ग. दोरी ताणली तर दोरीलाही पोट दिसलं." दुसऱ्या दिवशी त्या बँकेत गेला. तिथेही तेच. आता त्याचं म्हणणं असं की आपण जन्मभर वाकडंच काम केलं आणि लोकांनी भिडेपोटी तोंडावर सांगितलं नाही.

गुडघ्यांचं काही नाही. थाप्या, गुण्या, दोरी सगळं धुऊन पुसून फडक्यात बांधलं आणि माळ्यावर टाकलं. मी काही म्हटलं तर म्हणतो, "तू तर म्हणणारच." मला वाटतं बाहेर कुणीतरी त्याला लागेल असं बोललंय. तू ये आणि काम चांगलं आहे असं त्याला समजावून सांग. तुझं तो ऐकतो.

तुझी मामी

१२ फेब्रुवारी

मामा,

मामीला आत्ताच फोन केला. तू फोनवर आला नाहीस, म्हणून हे पत्र दुपारच्या गाडीने ड्रायव्हरच्या हाती पाठवतेय. संध्याकाळी मिळेल. मामीवर चिडू नकोस, तिने लिहिलं म्हणून मला अक्कल आली.

ताणलेल्या दोरीला पोट येत नाही, मामा. फरशी दबेल, भिंत कलेल, मी काढलेली रेघ चुकेल. पण दोन खिळ्यांमध्ये ताणलेली दोरी सरळच असते. ती वाकडी दिसली तर दोष दोरीत नाही, हॉलमध्ये नाही, तुझ्या हातात तर नाहीच नाही.

आता हे पत्र बाजूला ठेव आणि स्वयंपाकघराच्या फरशीकडे बघ. नेहमी डावा डोळा मिटतोस ना? आज उजवा मीट. नुसत्या डाव्याने बघ. मग उलट कर. जे दिसेल ते मामीला सांग.

उद्या अकरा वाजता डोळ्यांच्या डॉक्टरकडे वेळ घेतली आहे. पत्ता मामीजवळ आहे. मी त्यांच्याशी बोलले. त्या म्हणाल्या, सरळ रेघ अचानक मधे वाकडी दिसायला लागली तर एकेक दिवस महत्त्वाचा असतो, उद्याच या. काम करायचं की सोडायचं ते नंतर बघू. भांडायचं असेल तर वाटेत मामीशी भांड, पण जा.

मी शनिवारी येतेय.

गोटी

१ मार्च

प्रिय गोटीस,

अक्षर मोठं आहे, हसू नकोस. तू आलीस तेव्हा सगळा वेळ मामीच बोलली, म्हणून आता सगळं लिहून काढतो.

डावा डोळा चांगला आहे. उजव्यात मागच्या पडद्याखाली पाणी झिरपतंय. डॉक्टरीणबाई समजवायला लागल्या तर मी म्हटलं, कळलं, फरशीखाली ओल शिरली की फरशी फुगते, तसं. त्या म्हणाल्या, अगदी तसं, मी आता सगळ्यांना असंच सांगणार. मग डोळ्यात सुई. डोळा बधिर करतात, दुखत नाही, पण सुई येताना दिसते त्याचं काय? मी मामीचा हात इतका दाबला की ती म्हणाली, सुई मला टोचली असती तर बरं झालं असतं. दर महिन्याला एक, आणखी किती ते नंतर ठरेल. रोज बघायला चौकटींचा एक कागद दिलाय. तो म्हणजे आमच्या धंद्यातलाच कागद. रोज सकाळी एकेका डोळ्याने तपासतो.

मधला जो भाग बिघडला तो सगळा परत यायचा नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. उरलेला टिकेल. मग विचारतात, "तुम्ही एवढ्या लवकर कसे आलात? बाकीचे सहासहा महिने येत नाहीत. एक डोळा बिघडला तरी दुसरा झाकून नेतो, कळतच नाही." मी म्हटलं, बाई, आम्ही दिवसभर डावा डोळा मिटूनच बघतो, धंदाच तसा आहे.

तू परत गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शाळेच्या हॉलवर गेलो. मामीने माझ्या उजव्या डोळ्यावर हात धरला, मी दोरी ताणली आणि डाव्याने बघितलं. गोटी, एक सांधा हललेला नाही. अठ्ठावीस वर्षं मुलं त्यावर नाचतायत आणि एक सांधा हललेला नाही. मी तिथेच फरशीवर बसून रडलो. शिपायाने पुन्हा पाणी आणलं. त्याला वाटत असेल, हा माणूस इथे पाणी प्यायलाच येतो.

डोळ्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? पण ते आठ-दहा दिवस, जेव्हा मला वाटत होतं की सगळं कामच वाकडं होतं, ते याहून वाईट होते.

मामा

८ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि चारही वेळा पहिल्या पत्राची तारीख आठवली.

११ जानेवारीला तू मला लिहिलंस की रेघ मधोमध वाकडी दिसते. मी १२ फेब्रुवारीला तुला डॉक्टरकडे पाठवलं. मधला महिनाभर मी काय केलं? रंग काढले, पट्टी लावली, ठिपके मोजले. लोकांना काय दिसतं, कसं दिसतं, यावर माझं पोट चालतं. परक्या माणसांना चहा पाजून विचारते, "तुम्हाला इथे काय दिसतंय?" तुला एकदाही विचारलं नाही. मी रेघेत शोधत बसले, तुझ्याकडे बघितलंच नाही.

हेच शेजारच्या टेबलावरच्याच्या आईने म्हटलं असतं तर त्याच दिवशी मी म्हटलं असतं, डोळे तपासून घ्या. तू म्हणालास म्हणून नाही सुचलं. तुझा डोळा चुकेल हे माझ्या डोक्यातच येऊ शकलं नाही. एवढी शिकले आणि ऐन वेळी नऊ वर्षांची झाले.

एक महिना आधी गेला असतास तर किती वाचलं असतं? मला जे खरं आहे ते सांग. माझी समजूत काढू नकोस.

गोटी

१५ मार्च

प्रिय गोटीस अनेक आशीर्वाद.

परवा दुसरी सुई झाली. डॉक्टरीणबाईंना तुझा प्रश्न जसाच्या तसा विचारला आणि म्हटलं, बाई, मन राखायला बोलू नका. त्या म्हणाल्या, महिनाभर आधी आला असतात तर थोडं जास्त वाचलं असतं. थोडं. बाकीचं तरी वाचलं तेही वेळेत आलात म्हणून. हे खरं. तू मागितलंस म्हणून सांगितलं. आता माझंही ऐक.

चाळीस वर्षांत मी फरशी बसवून वळलो की माझ्या पाठीमागे कुणीतरी पातळी लावून बघितली. इंजिनिअरने लावली, कंत्राटदाराने लावली. त्यात राग नाही, तसंच करायचं असतं. तुझी मामी मी ठोकलेला पडद्याचा दांडा अजून वीत लावून मोजते. मीसुद्धा माझ्यावर एवढाच विश्वास ठेवला, दोरी एकदा वाकडी दिसली तर जन्मभराचं काम वाकडं ठरवून मोकळा झालो.

तुझी पट्टी म्हणत होती सरळ. ठिपके म्हणत होते सरळ. शेजारचा म्हणत होता सरळ. आणि तू माझ्या एका बोलण्यावर, सगळं जग बघणार त्या पानावर, चांगली सरळ रेघ वाकडी केलीस. माझ्या डोळ्यावर एवढा भरवसा आजवर कुणी ठेवला नव्हता, पोरी. तो महिना तू वाया घालवलास म्हणतेस. मला तो माझ्या कमाईतला वाटतो. त्याबद्दल पुन्हा माफी मागितलीस तर कान उपटीन.

वाचनालयाचं काम परत मिळालं. बसवणार माझा जुना जोडीदार, मी खुर्चीवर बसून डाव्या डोळ्याने बघणार. या वयात उजवा मिटायला शिकतोय, दोन्ही एकदम मिटतात आणि जोडीदार हसतो. दोरीचं दुसरं टोक मामीने धरलंय आणि ती आम्हा दोघांना सूचना देते.

काल उजव्यावर हात ठेवून तुझं पान उघडलं. दहाच्या गाडीखालची रेघ मधोमध दोन ठिपके वर आहे. स्पष्ट दिसते. महिन्याहून जास्त दिवस लोक त्या रेघेवरून गाड्या पकडतायत आणि कुणी हूं की चूं केलं नाही. मी बराच वेळ बघत बसलो. मामी म्हणाली, काय एवढं बघतोस? म्हटलं, ही माझी आहे.

राहू दे असं लिहिणार होतो. पण काम ते काम. सरळ कर.

तुझा मामा